विहिरीच्या गावाचा क्लब : कोपनहेगनमधले पाच दिवस

गुरुवार, २३ मे २०२४

विमानतळावर भाचा घ्यायला आला होता. बॅगा उचलता उचलता त्याने विचारलं, "मामा, आधी काय बघायचं? राजवाडा की जलपरी?" मी म्हटलं, "आधी ब्रॉन्डबी." तो म्हणाला, "मामा, 'ड' फक्त लिहायचा. बोलताना ब्रॉन्बी." मग मी गाडीभर तेच घोकत राहिलो. ब्रॉन्ड म्हणजे विहीर, बी म्हणजे गाव. विहिरीचं गाव. आपल्याकडे हे नाव कुठल्याही तालुक्यात खपून गेलं असतं.

माझा या गावाशी संबंध ३२ वर्षांपूर्वीचा. १९९२ चा जून महिना. युगोस्लाव्हिया बाद झाल्यामुळे डेन्मार्कला युरोपियन फुटबॉल स्पर्धेत ऐनवेळी जागा मिळाली आणि या संघाने २६ जूनला अंतिम सामन्यात जर्मनीला २-० ने हरवलं. कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहाच्या गाड्यावर पेपर हातोहात फिरत होता. दोन्ही गोल करणारी माणसं, यॉन येन्सन आणि किम विल्फोर्ट, एकाच क्लबची होती आणि तो क्लब होता कोपनहेगनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगराचा. राजधानीचा नव्हे, मोठ्या नावाचा नव्हे, उपनगराचा. पेठेच्या तालमीत वाढलेल्या माणसाला हे वाचून जे वाटलं ते वेगळं सांगायला नको. तेव्हापासून या क्लबचे निकाल मी बघत आलो, आधी पेपरच्या कोपऱ्यात, मग फोनवर.

भाचा नोकरीनिमित्त इथे आला आणि त्याला घर मिळालं तेही ब्रॉन्बीओस्टर स्टेशनजवळ. ओस्टर म्हणजे पूर्व. म्हणजे हा योगायोग असा की न येणं हाच कर्मदरिद्रीपणा ठरला असता. त्यात या रविवारी डेन्मार्कच्या लीगमधला हंगामाचा शेवटचा सामना. ब्रॉन्बी आणि मिट्युलन, दोन्ही क्लबांचे ६२ गुण. गोलफरकात ब्रॉन्बी पुढे. घरच्या मैदानावर ऑर्हूस शहराच्या एजीएफ क्लबशी गाठ.

आज बुद्धपौर्णिमा. रात्री साडेनऊपर्यंत उजेड होता. चंद्र दिसायची वाट बघता बघता झोप लागली.

शुक्रवार, २४ मे

सकाळी भाच्याने शेजारच्या काकांची ओळख करून दिली. वय ७४. आयुष्यभर बस चालवली, आता एकटेच असतात. भाचा त्यांना सरळ नावाने हाक मारतो, इथे तशीच रीत आहे. माझ्या तोंडून काही ते येईना. मी त्यांना 'काका' म्हटलं, अर्थ सांगितला, आणि त्यांना तो शब्द आवडला. गॅलरीत त्यांचा निळा-पिवळा झेंडा होता. मी १९९२ ची गोष्ट सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि कोट घालून आले. "चला, चालत जाऊ."

अर्ध्या तासाच्या त्या वाटेवर मला जे मिळालं ते कुठल्या पेपरात मिळालं नव्हतं.

इथे शेजारी शेजारी दोन गावं होती, ब्रॉन्बीओस्टर आणि ब्रॉन्बीवेस्टर, पूर्वेचं आणि पश्चिमेचं. दोघांचे आपापले क्लब, दोन्ही किरकोळ. ३ डिसेंबर १९६४ ला ते एकत्र आले. काका तेव्हा १४ वर्षांचे. घरी वडील म्हणाले होते, पश्चिमेकडच्यांबरोबर खेळायचं म्हणजे काय! मला हसू आलं नाही. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ, आमच्या कोल्हापूरच्या फुटबॉलमधले हाडवैरी, उद्या एक झाले तर माझ्या आत्याच्या घरात काय होईल ते मला माहीत आहे.

कोपनहेगनच्या वाढीचा १९४७ चा एक आराखडा आहे, त्याला इथे बोटांचा आराखडा म्हणतात. शहर म्हणजे तळवा आणि रेल्वेच्या मार्गांवर पसरलेली पाच बोटं, मध्ये मोकळं रान. ब्रॉन्बी अशाच बोटांवर वसलं. शहरात जागा न पुरलेले कामगार इथे आले. या सगळ्या पश्चिम पट्ट्याला वेस्टएग्न म्हणतात आणि ब्रॉन्बीच्या खेळाडूंना 'वेस्टएग्नची पोरं'. नव्याने वसलेल्या वस्तीला स्वतःचं म्हणता येईल असं काही लागतं. ते महापौर केल रासमुसन यांना कळलं होतं असं काकांचं म्हणणं. हा माणूस १९६६ पासून २००५ पर्यंत, तब्बल ३९ वर्षं महापौर होता आणि मैदानांवर खर्च करताना त्याने हात आखडला नाही. काकांनी चालता चालता हाताने दाखवलं, हे मैदान, ते मैदान, तो हॉल. आज देशाच्या फुटबॉल संघटनेचं मुख्यालयसुद्धा स्टेडियमच्या शेजारी आहे. उपनगराने राजधानीचं ऑफिस आपल्या दारात आणून बसवलं.

१९७३ मध्ये फिन लाउड्रुप खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आला. त्याच्याबरोबर त्याची दोन मुलं पोरांच्या संघात आली, मिकेल आणि ब्रायन. काका म्हणाले, थोरल्याच्या पायाला चेंडू चिकटायचा, आम्ही बस पार्क करून त्याचा सराव बघत थांबायचो. १९८१ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत चढला. १९८२ मध्ये तिथल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी ओडेन्सच्या 'बी १९०९' या क्लबला ७-१ ने झोपवलं, त्यात मिकेलचे दोन गोल. पुढच्या वर्षी युव्हेंटसने त्याला नेलं. आणि १९८५ मध्ये पहिलं अजिंक्यपद. दोन गावांचे क्लब एकत्र येऊन २१ वर्षं झाली होती फक्त.

स्टेडियम लांबून दिसलं तेव्हा मी थांबलो. फार उंच नाही, डोळे दिपवणारं नाही. साधारण २८ हजार माणसं मावतात. भोवती सरावाची हिरवी मैदानं, त्यावर शाळेतली पोरं. दक्षिणेच्या बाजूला उभ्याने सामना बघायचा भाग आहे, तिथे खुर्च्या नाहीत. गाणी तिथूनच सुरू होतात. काका तिथे ३० वर्षं उभे राहिले, आता गुडघ्यांमुळे बसायची जागा घेतली आहे. हे सांगताना त्यांचा आवाज पडला.

"आज काय तारीख?" त्यांनी विचारलं. मी सांगितली. ते म्हणाले, बरोबर तीन वर्षं झाली. २४ मे २०२१, नॉर्शेलनला २-० ने हरवून ब्रॉन्बी अजिंक्य झालं. १६ वर्षांनी. साथीमुळे आत मोजकीच माणसं होती, काकांना आत जाता आलं नाही. ते या इथे, भिंतीबाहेर उभे होते, हजारो लोकांबरोबर. "भिंतीबाहेरूनही सामना कळतो," ते म्हणाले. "आवाज कसा बसतो, कसा उठतो, त्यावरून सगळं कळतं. पहिल्या गोलला मी एका अनोळखी बाईच्या गळ्यात पडलो. नाव आजही माहीत नाही."

रात्री भाच्याने पिठलं-भात केला. काकांनाही बोलावलं. त्यांनी दोनदा घेतलं.

शनिवार, २५ मे

आज शहर. जलपरी पाहिली, राजवाडा पाहिला, नव्या बंदरावरची रंगीत घरं पाहिली. सगळं सुंदर आहे आणि सगळ्यांनी लिहिलं आहे.

मला जायचं होतं ते पार्कनला, म्हणजे एफसी कोपनहेगनच्या घरी. उस्टरब्रो भागात मोठ्या बागेला लागून हे मैदान आहे, ३८ हजारांचं, आणि देशाचा संघही इथेच खेळतो. एफसी कोपनहेगनचा जन्म १९९२ चा. केबी आणि बी १९०३ या जुन्या शहरी क्लबांनी एकत्र येऊन तो काढला. केबी तर १८७६ ची. ब्रॉन्बीने दहा वर्षं राजधानीला जे दाखवलं त्याला राजधानीने दिलेलं हे उत्तर होतं. आणि उत्तर सणसणीत होतं. गेल्या वर्षीपर्यंत त्यांची १५ अजिंक्यपदं झाली. ब्रॉन्बीची ६० वर्षांत ११.

ते १९९२ साल मला नेहमी छळतं, म्हणून त्याबद्दल नीट लिहितो. १९८६ मध्ये ब्रॉन्बीने खेळाडूंना पूर्णवेळ पगारावर घेतलं, जेव्हा डेन्मार्कमध्ये बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येत. १९८७ मध्ये क्लब कोपनहेगनच्या शेअर बाजारात उतरला. युरोपात तोवर असं करणारे क्लब हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याच वर्षी युरोपियन कपच्या, म्हणजे देशोदेशीच्या अजिंक्य क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालच्या पोर्तोने त्यांना रोखलं आणि पोर्तो पुढे अजिंक्य झालं. १९९१ मध्ये तर यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या स्पर्धेची उपांत्य फेरी. गोलमध्ये पीटर श्मायकेल. फ्रँकफर्टला घरी ५-० ने हरवलं, लेव्हरकूझनला बाहेर काढलं. उपांत्य फेरीत रोमाशी घरी ०-०, आणि रोममध्ये अगदी शेवटच्या मिनिटांत रूडी फॉलरने गोल केला. २-१. संपलं. काका त्या रात्री रोममध्ये होते. बसने गेले होते, म्हणजे यावेळी दुसरा कोणी चालवत होता.

आणि मग पुढच्या वर्षी क्लबने एक बँक विकत घ्यायचा घाट घातला. इंटरबँक. व्यवहार फिसकटला आणि क्लब कर्जाच्या अशा खड्ड्यात गेला की दिवाळखोरी दारात उभी राहिली. मी ३१ वर्षं सहकारी बँकेत काढली आहेत. पतपेढ्या साखर कारखान्यांच्या नादी लागून, कारखाने पतपेढ्यांच्या नादी लागून कसे बुडतात ते मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. ज्याला जे येतं त्यातून त्याने चार पैसे मिळवावेत. मैदानावरची हुशारी ताळेबंदात चालत नाही. हे मी काल काकांना म्हटलं तर ते म्हणाले, "तेव्हा तुम्ही इथे असायला हवं होतं."

विचार करा, त्याच १९९२ च्या उन्हाळ्यात या बुडत्या क्लबच्या दोन खेळाडूंनी देशाला युरोपचं अजिंक्यपद मिळवून दिलं. त्यातल्या विल्फोर्टची लहान मुलगी रक्ताच्या कर्करोगाने आजारी होती. स्पर्धा चालू असताना तो तिच्याकडे येऊन परत गेला, अंतिम सामन्यात गोल केला. काही आठवड्यांत ती गेली. चहाच्या गाड्यावरच्या पेपरात हे नव्हतं. मला ते पुष्कळ वर्षांनी कळलं आणि तेव्हापासून तो गोल मला निव्वळ आनंदाने आठवता येत नाही.

पार्कनच्या भिंतीला हात लावला. ब्रॉन्बीची एक मोठी रात्र याच मैदानावर झाली. १९९८ मध्ये त्यांचं स्टेडियम वाढवायचं काम चालू होतं म्हणून चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने इथे झाले. गटात बायर्न, बार्सिलोना आणि मँचेस्टर युनायटेड. बायर्नला त्यांनी शेवटच्या मिनिटांत सामना फिरवून २-१ ने हरवलं. युनायटेडने मात्र २-६ आणि ०-५. त्या हंगामाचा अंतिम सामना बायर्न आणि युनायटेड यांच्यातच झाला. आनंदाची रात्र शत्रूच्या वाड्यात, आणि धुलाईही तिथेच.

रविवार, २६ मे

सकाळी सातला दार वाजलं. काका. हातात हंगामाचं कार्ड. मला तिकीट मिळालेलं नव्हतं, ते त्यांना माहीत होतं. "तुम्ही ७ हजार किलोमीटरवरून आलात. तुम्ही आत जा."

मला बोलताच येईना. भाच्याला मराठीत म्हटलं, यांना सांग, असं करू नका म्हणावं. भाचा म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा." मग मी सांगितलं. की २०२१ ला तुम्ही बाहेर होता. आज अजिंक्यपद आलं आणि तुम्ही पुन्हा बाहेर असलात तर ते मला कोल्हापूरपर्यंत पुरेल, झोप लागू देणार नाही. मी बाहेर थांबतो. भिंतीबाहेरूनही कळतं असं तुम्हीच म्हणालात. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग कार्ड खिशात घातलं आणि गळ्यातला मफलर काढून माझ्या गळ्यात टाकला. १९८५ चा तो मफलर. पिवळा रंग विटून ताकासारखा झालेला.

दुपारी आम्ही तिघे निघालो. ब्रॉन्बीओस्टर स्टेशनातून माणसं पिवळ्या जर्सीत बाहेर पडत होती, एकेका लोकलमधून लोंढाच्या लोंढा. बापाच्या खांद्यावर पोरं. काठी टेकत आलेल्या एक आजी. अरबी बोलणारी, तुर्की बोलणारी तरुण मुलं, सगळ्यांच्या अंगावर तोच रंग. सॉसेजच्या टपऱ्यांसमोर रांगा. मला सामन्याच्या दिवशीचा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचा रस्ता आठवला. फक्त इथे भडंग नव्हता.

गेटपाशी काकांनी हात मिळवला आणि आत गेले.

भाचा आणि मी सरावाच्या एका मैदानाच्या कडेला गवतावर बसलो. आमच्यासारखे आणखीही होते. कोणी फोन कानाला लावून, कोणी नुसतेच. आत काहीच दिसत नव्हतं. भिंत, छपराची कड, आणि वर आभाळ. पण आवाज! दक्षिण बाजूचं गाणं सुरू झालं की जमीन बुडाखाली थरथरायची. ढोलाचा ठेका एकच, सरळ, न थकणारा. पहिल्या काही मिनिटांत मला भाषा नसूनही ती समजायला लागली. चेंडू पुढे गेला की आवाज चढत जातो. चुकला की एकदम तळहाताने दाबल्यासारखा बसतो. फाऊलला शिट्ट्या. आणि मध्येच एक अशी लाट यायची जिचा इथल्या खेळाशी काही संबंध नसायचा. ती हर्निंगची बातमी असायची, मिट्युलन तिकडे सिल्केबोर्गशी खेळत होतं.

दोनदा तो आवाज असा फुटला की पलीकडच्या झाडावरचे पक्षी उडाले आणि बाहेरचे आम्ही सगळे उभे राहिलो. एका पोराने येऊन मला मिठी मारली, मफलर पाहून असेल. तीनदा मात्र आतून लांबवर, एका कोपऱ्यातून, थोड्या गळ्यांचा आवाज आला आणि बाकी सगळं गप्प. ते थोडे गळे ऑर्हूसचे होते. परक्या गावात अजिंक्यपदाच्या दिवशी ते तीनदा ओरडले.

शेवटची मिनिटं भाचा नखं खात होता. गाणं थांबलं नव्हतं, पण त्यात आता विनवणी होती. आषाढीत वाखरीला पाऊस लागल्यावर दिंडीतला अभंग जसा अधिकच जोरात म्हटला जातो, तसं काहीतरी. मग आवाज विरत गेला. शिट्टी आम्हाला ऐकू आली नाही. ती झाली हे शांततेवरून कळलं.

२-३. भाच्याने फोन दाखवला. हर्निंगला ३-३ बरोबरी. मिट्युलन ६३, ब्रॉन्बी ६२.

मी मनात आकडे मांडले आणि तिथेच खाली बसलो. बरोबरीही पुरली असती. एक गोल. मिट्युलन स्वतः जिंकलं नव्हतं. दोघांचे ६३ झाले असते आणि गोलफरकात हे पुढे होते. अख्ख्या हंगामाचा हिशेब एका गोलवर येऊन मोडला.

गेटं उघडली. माणसं बाहेर येत होती, पण लोंढा नव्हता, एकेक, दोन दोन. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एक धिप्पाड माणूस, दंडावर क्लबचं गोंदण, रस्त्याच्या कडेला बसून लहान मुलीच्या बुटाची नाडी बांधत होता आणि रडत होता. मुलगी त्याच्या डोक्यावर हात फिरवत होती.

काका जवळजवळ शेवटी आले. मी मफलर काढून द्यायला लागलो तर त्यांनी हात धरला. "राहू द्या. थंडी आहे." मग माझा हात न सोडता म्हणाले, "टाक फॉर कांपन." भाच्याने अर्थ सांगितला, सामन्याबद्दल आभार. इथे खेळ संपल्यावर समोरच्याला असं म्हणतात, जिंकलात तरी, हरलात तरी. परतीच्या अर्ध्या तासात ते पुढे एवढंच बोलले, की ऑर्हूसवाले चांगले खेळले.

सोमवार, २७ मे

विमान रात्रीचं. सकाळी एकटाच चालत दक्षिणेला समुद्राकडे गेलो, ब्रॉन्बी स्ट्रँडला. इथे १९७० च्या आसपास बांधलेल्या उंच इमारतींची रांग होती. त्यातल्या पाच पाडल्या, बांधकामात पीसीबी हे विषारी रसायन सापडल्यामुळे. ज्यांच्यासाठी ही उपनगरं उभी केली त्याच कामगारांच्या घरात विष निघालं. काल दक्षिण बाजूला उभी असलेली कितीतरी पोरं याच इमारतींत वाढली असणार. एका खिडकीत पिवळा झेंडा होता.

परत येताना स्टेडियमवरून आलो. काल रात्री मनात सारखं येत होतं की यापेक्षा वाईट दिवस या क्लबने पाहिले आहेत. २०१३ मध्ये पैसा संपला होता, संघ खालच्या श्रेणीत जाण्याच्या काठावर होता, आणि शेवटच्या फेरीत जेमतेम वाचला. पुढे मालक बदलले. २०२२ पासून बहुसंख्य समभाग अमेरिकी गुंतवणूकदारांकडे आहेत. अनेक देशांतल्या क्लबांत पैसा घालणाऱ्या या मंडळींबद्दल चाहत्यांच्या मनात राग आहे, आणि तो मला रास्त वाटतो. दोन गावांनी मिळून उभ्या केलेल्या गोष्टीचा निर्णय ज्याने हा अर्ध्या तासाचा रस्ता चालून पाहिला नाही त्याने का घ्यावा?

सरावाच्या मैदानावर, जिथे आम्ही काल बसलो होतो तिथेच, आठ-नऊ वर्षांच्या मुलींचा सराव चालला होता. एकीने फटका मारला, चेंडू माझ्यापर्यंत आला. मी पायाने परत दिला. बूट होते, तरी बरा गेला.

संध्याकाळी काकांचा निरोप घ्यायला गेलो. गॅलरीतला झेंडा होता तिथेच होता. मी घडी घालून मफलर टेबलावर ठेवला. त्यांनी तो पुन्हा माझ्या बॅगेत कोंबला. मी माझ्याकडून आणलेली कोल्हापुरी चप्पल दिली. ती त्यांनी लगेच पायात घालून घरभर चालून पाहिली.

"तुमच्याकडचा हंगाम कधी सुरू होतो?" त्यांनी विचारलं.

"थंडीत. डिसेंबरच्या आसपास."

"आमचा जुलैत. मधे जवळजवळ दोन महिने." स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटत डिसेंबर काढला. ३ तारखेभोवती आधीच निळ्या पेनाने गोल केलेला होता, आत ६० लिहिलेलं. त्याखाली त्यांनी मला विचारून, एकेक अक्षर जुळवत 'कोल्हापूर' लिहिलं आणि पानं पुन्हा उलटून जुलैवर आणून ठेवली.